देऊळ नाय हे

किन्हवलीच्या बँकेत मी दारावर वॉचमन आहे. काउंटरवरच्या मॅडम हळू बोलतात. “मोबाइलवर करा” म्हणून कुणाला परत पाठवत नाहीत, आधी “गाडी कितीची?” विचारतात आणि कुणाची एसटी चुकू देत नाहीत.

एकदा वाडीवरची एक आजी चपला काढून पायरीवरच थांबली. मॅडमनी आतून हात करून बोलावलं, तर म्हणाली,

“नाय गो बाय, मी भायेरच बरी.”

मॅडम काउंटर सोडून बाहेर आल्या. आजीच्या चपलांशेजारी त्यांनी आपल्याही काढल्या आणि तिचा हात धरून तिला आत नेलं.

परवा तीच आजी चपला घालून फटफट आली. मागे तिची शेजारीण, घाबरलेली, पायरीवर चपला काढत होती. आजी तिच्यावर खेकसली, “घाल गो त्या! देऊळ नाय हे!”

मी छाती काढून दार धरलं.