लाल दोऱ्याची चिठ्ठी

गाडी एकच, तीपण दोन सीटांची. पण खोलायला घेतली आणि नटबोल्टांपेक्षा किस्सेच जास्त निघाले. नटबोल्टांना निदान डबे तरी होते!

आमचे मालक, म्हणजे माझे घरधनी, फौजेत गाड्यांचे मेकॅनिक. रिटायर होऊन कैक वर्षं झाल्यावर इस्लामपूरच्या एका बागायतदाराच्या शेडातून जुनी लाल स्पोर्ट्स कार टेम्पोत घालून आणली. स्टेअरिंगखाली कोंबडीची अंडी! शेजारचा बाबू म्हणाला, "आवं फौजी, दोनच सीटा? सुनंला काय बॉनेटवर बसवताय व्हय?"

"मी आन ही. नीट करायची, कराडच्या संगमापत्तर एक फेरी मारायची. बास!"

लग्नाला पन्नास वर्षं होत आली. मला शेजारी बसवायची गोष्ट तेव्हा पहिल्यांदा निघाली.

*

पुढच्याच महिन्यात कराडच्या डॉक्टरांनी त्यांना विचारलं, "आज वार कुठला?" सांगता येईना.

"वार ऱ्हाऊ द्या साहेब, कार्ब्युरेटरचं इचारा!"

डॉक्टर हसले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "आजी, विसरणं वाढत जाणार. जे करायचं ते लवकर करून घ्या."

घरी आल्या आल्या मालकांनी दोऱ्याची दोन रिळं मागितली. काढलेल्या भागाला पांढऱ्या दोऱ्यानं चिठ्ठी, कुठला ते लिहून. जो भाग एकदा निघाला की परत बसायचा नाही, त्याला लाल दोरा. मला अक्षर येत नाही. सून वाचायची, "आत्याबाई, लालवर एकच लिवलंय. 'काढू नये.'"

*

खंडेनवमीला हत्यारं पुजायची म्हणून मी आणि सुनेनं सगळे भाग रॉकेलमध्ये धुतले. तेलकट चिठ्ठ्या चुलीत घातल्या. मोठ्यापासून बारक्यापर्यंत ओळीनं मांडून हळदकुंकू, झेंडू वाहिला. मालक आले, बघत राहिले.

"झ्याक मांडलंय," म्हणाले आणि मटकन खाली बसले. आयुष्यभर मीठ कमी पडलं तरी ओरडणारा माणूस. ओरडले नाहीत, म्हणून मला भ्या वाटलं.

मी एकेक उचलत गेले. "ह्यो डाव्या चाकाचा, डोक्यावर ओरखडा हाय. ही चकती गिअरबॉक्सची, काढताना तुमचं बोट कापलं हुतं." चार दिवसांत सगळे डबे परत लागले.

"तुला वाचता येत न्हाई ते बरंय," मालक म्हणाले. "वाचणाऱ्याचं ध्यान चिठ्ठीत ऱ्हातं!"

*

मग गाडी बाजूला राहिली आणि घर खोलणं सुरू झालं. मिक्सर, पाण्याची मोटार. एका सकाळी पुढच्या दाराच्या बिजागऱ्याच काढल्या. बाबू म्हणाला, "फौजी, आता दाराला बी इंजिन बसवताय व्हय?"

बिजागरीलाही पांढऱ्या दोऱ्यानं चिठ्ठी होती. सुनेनं वाचली आणि पदरात लपवली. मी वाचायलाच लावली.

"कुठलं ते ठाव न्हाई."

बाबू त्यानंतर कधी चेष्टा करायला आला नाही. दार मात्र त्यानंच बसवून दिलं.

*

गाडीचा सांगाडा अजून विटांवर उभा आहे. परवा सकाळी मालकांनी सुनेला विचारलं, "ही म्हातारी कोन गं? कवाधरनं बसलीया. च्या तरी दे तिला."

मी चहा घेतला. काय करणार!

दुपारी जरा डोळा लागला. जागी झाले तर मनगटाला काहीतरी टोचत होतं. लाल दोरा. पक्की गाठ, फौजेतली. मालक शेजारी पाना घेऊन बसलेले, माझ्याकडं बघतही नव्हते.

सुनेला हात दाखवला. तिनं चिठ्ठी वाचली आणि मुठीत झाकली.

मीच म्हणाले, "ऱ्हाऊ दे. लालवरचं मला येतं वाचता."