पायाने चालणारा व्हाइस आणि मामाचे आठ दिवस

मामा आज सकाळी गेला आणि दुपारपर्यंत संत झाला.

"केवढ्या मोठ्या मनाचा माणूस! स्वतःचं डिझाइन स्पर्धकाला फुकट दिलं." ग्रुपवर हाच मेसेज फिरतोय.

दिलं, हे खरं. त्याआधीचे आठ दिवस मात्र कुणाला माहीत नाहीत.

मामा एका कारखान्यात फिटर होता. त्याचा जोडीदार सुधाकर. सुधाकरच्या डाव्या हाताची दोन बोटं प्रेस मशीनमध्ये गेली. एका हाताने लोखंडाचा तुकडा पकडून व्हाइस, म्हणजे तो तुकडा घट्ट धरणारा शिकंजा, आवळता येईना. म्हणजे नोकरी जाणार.

मामाने भंगारातून पायाने चालणारा व्हाइस बनवला. पेडल दाबलं की जबडा उघडायचा, पाय उचलला की मिटायचा. सावकाश मिटावा म्हणून आत एक छोटा ब्रेक.

"बोटं काय मला बनवता येत नाहीत. पाय आहेत ना तुझे? बास."

शेजारच्या वर्कशॉपने तसाच एक मागितला. मग आणखी कुणी. जी नोकरी वाचवायला एवढं केलं, तीच सोडून दोघांनी येरवड्यात पत्र्याची शेड घेतली.

सात कामगार. झाली कंपनी.

नव्वदच्या दशकात मार्केट खुलं झालं. एका बड्या डीलरने आमच्या व्हाइसची कॉपी आणली, निम्म्या किमतीत. ऑर्डरी आटल्या.

मामाने एक कॉपी आणून शेडमध्ये उघडली. आत ब्रेकच नव्हता.

"पाय सटकला तर बोट जाईल कुणाचं तरी. सांगायला पाहिजे त्यांना."

सुधाकरने हातातला पाना खाली ठेवला.

"सांग की. आणि आपल्या सात जणांनाही सांग, उद्यापासून येऊ नका म्हणून. अरे, त्यांचा माल परत जायला लागला की गिऱ्हाईक आपल्याकडेच येईल. थोडे दिवस गप्प बस."

मामा गप्प बसला.

आठव्या दिवशी लोणी काळभोरहून जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. कॉपी घेतली होती त्याने. कामावरच्या एका बाईंची तर्जनी गेली होती.

मामा भेटायला गेला. बाईच त्याला समजावत होत्या, "तुम्ही कशाला रडताय, दादा? तुमची मशीन थोडीच हाय ती."

दुसऱ्या दिवशी मामा ब्रेकचं ड्रॉइंग घेऊन डीलरकडे गेला. त्यांनी चहा पाजला, ड्रॉइंग ठेवून घेतलं.

त्यांचा माल सुधारला. वर्षभरात आमची शेड बंद झाली. पुढे मामा खराडीत एका आयटी पार्कच्या मेंटेनन्सला लागला.

मी तेव्हा पेपरात बातमीदार होतो. म्हटलं, "मामा, तुझ्यावर स्टोरी करतो."

"कर. ते आठ दिवस घाल पण."

"ते घातलं तर स्टोरीच राहत नाही रे."

"मग नको करू."

मी केली नाही.

गेल्या महिन्यात हॉस्पिटलमध्ये त्याने स्वतःहून विचारलं, "लिहिलंस का रे ते?"

"लिहितो, मामा."

रोज संध्याकाळी सहाला बातमी लिहून देणारा मी. हे एवढं लिहायला तुला जावं लागलं.

आठ दिवस घातलेत, मामा. काही गाळलं नाही.

शेवटचा जय भीम.