काळजाचे पेढे

गंगापूर रोडवरच्या एका सोनोग्राफी सेंटरबाहेर आम्ही गर्भलिंगतपासणीविरुद्ध पत्रकं वाटायचो. मजकूर माझाच होता: 'सोनोग्राफीनंतर पेढे दिसले की जाब विचारा!' मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की जिलबी, ही आपल्याकडची लाजिरवाणी रीत!

एके दिवशी देवळ्याकडची एक सासू सुनेला घेऊन आली होती. सुनेकडून तिने पत्रक वाचून घेतलं, बाकावरच्या प्रत्येकीला 'कितवा महिना गं?' विचारलं. सून आत गेल्यावर मात्र ती पिशवी पोटाशी धरून दाराकडे बघत बसली.

अर्ध्या तासाने सून हसत बाहेर आली आणि तिच्या कानात काहीतरी बोलली. सासूने लगेच पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला. मी तडक समोर उभी राहिले.

"मुलगा सांगितला ना डॉक्टरांनी?"

"केवढ्यानं वरडती गं! बाळाचं काळीज बघाया आलतो. पहिलं लेकरू काळजाला भोक होतं म्हणून महिन्यात गेलं. ह्याचं एकदम नीट हाय. पोरगा का पोरगी, ते आल्यावर कळंल."

"मग जिलबी का नाही आणली?" मी उगाच ताणून धरलं.

"एसटीत पाक गळतो ना, माय!"

सगळा बाक हसला. इतक्या जणींना मी जाब विचारला होता, पण 'काय तपासायला आलात?' हे एकीलाही विचारलं नव्हतं.

तिने माझंच पत्रक माझ्या हातावर पसरलं आणि त्यावर दोन पेढे ठेवले.

"इचारलास ना जाब? आता खा."