तोयरच्या कपात काय होतं

माझा धाकटा भाऊ तोयर शिंपी आहे. मी त्याची तीती, म्हणजे ताई. आमच्या केपटाउनच्या नववर्षाच्या मिरवणुकीचे साटिनचे झगमगीत कोट गल्लीत तोच शिवतो. नाही म्हणणं त्याला जमतच नाही. चाळीस कोट अंगावर घेतलेले असोत, एकेचाळिसावा माणूस दारात आला की हा टेप घेऊन उभा. मी म्हणायची, "तोयर, भीड भिकेची बहीण. एक दिवस जिवावर बेतेल तुझ्या." जळो माझी जीभ.

गेल्या मार्चात त्याला दुसऱ्या कुणाचं हृदय बसवलं. बायको गेल्यापासून तो माझ्याकडेच असतो, म्हणून गोळ्या माझ्या ताब्यात. सकाळी आठ, संध्याकाळी आठ. डॉक्टर मजोलाबाईंनी मला बजावलं होतं, "मायमुना, तुमच्या गल्लीत राखणदार शिट्ट्या घेऊन फिरतात ना? एकाला परका दिसला की तो शिट्टी मारतो, ती ऐकून दुसरा मारतो, आणि सगळी गल्ली काठ्या घेऊन बाहेर. अंगातल्या पेशींचं तसंच. हे हृदय त्यांना कायम परकंच. गोळी ती शिट्टी दाबून धरते."

डिसेंबर लागला आणि तोयरला तीन पायऱ्या चढवेनात. पाय सुजले. कोट अर्धे टाकून त्याला इस्पितळात नेलं. मानेतल्या शिरेतून नळी घालून त्यांनी हृदयाचे कण तपासायला काढले. दुसऱ्या दिवशी मजोलाबाई खाटेशी आल्या, त्या बसल्याच नाहीत.

"शरीर हृदयावर उठलंय. आणि रक्तात औषध निम्मंसुद्धा नाही. गोळ्या चुकवल्यात?"

"एकही नाही," तोयर म्हणाला.

"मग दुसरं काहीतरी पोटात जातंय, जे औषध टिकू देत नाही. मी आंधळेपणाने डोस दुप्पट केला आणि ते दुसरं मध्येच थांबलं, तर मूत्रपिंडं जातील. आज मला खरं हवंय."

तोयर छताकडे बघत राहिला. काय जातंय ते मला माहीत होतं. ऑक्टोबरपासून रोज पहाटेच्या नमाजानंतर मी त्याला काढा देत होते. रानातलं कांकरबोस नावाचं झुडूप, आमची आईही आजाऱ्याला तेच पाजायची. त्यात झाडपालेवाल्याने आणखी दोन पाले घातले होते, मी नावंही विचारली नाहीत. गुरुवारी झिक्रच्या, म्हणजे अल्लाच्या नामजपाच्या, मंडळीत बाटली मधोमध ठेवायची आणि सगळ्यांनी तीवर दुवा फुंकायची. तिथून घरी आलेली बरकत आमच्यात कुणी नाकारत नाही.

बोलले तर भाऊ माझ्या हातून मेला असं गल्ली म्हणेल. नाही बोलले तर मरेलच.

"बाई, मी काढा देत होते," मी म्हणाले. "अंगात जोर यावा म्हणून."

मजोलाबाईंनी डोळे मिटले. "जोर येईल तो कुणाला, मायमुना? शिट्टी मारणाऱ्यांनाच ना?" मग त्यांनी बाटली मागवली आणि नर्सला हाक मारली.

त्या गेल्यावर तोयर हळूच म्हणाला, "तीती, पाला चालत नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"काय?"

"नर्सने सांगितलं होतं. पण तू पहाटे उठून उकळायचीस. मी पिईपर्यंत समोर उभी राहायचीस, कसली खूश दिसायचीस! तुला कसं नाही म्हणू?"

"गाढवा! माझ्या तोंडाकडे बघून मरणार होतास?" मी ओरडले. पलीकडचा पेशंट उठून बसला. मी रडत होते आणि त्याला मारायला माझा हात उचलला गेला होता.

तीन दिवस शिरेतून जालीम औषध चाललं. दहाव्या दिवशी परत मानेतून नळी, परत कण. निकाल येईपर्यंत मी व्हरांड्यात एकच आयत पुटपुटत होते, तीही चुकत होती. शेवटी मजोलाबाई आल्या आणि या वेळी बसल्या. शिट्ट्या थांबल्या होत्या.

या नववर्षाला मिरवणुकीतली निम्मी माणसं जुन्या कोटात नाचली.

घरी आल्यावर पहिल्या सकाळी मी तोयरपुढे कप ठेवला. त्याने उचलला, ओठांपाशी नेला आणि थांबला. वास घेतला. माझ्याकडे बघायला त्याला फार जड गेलं.

"तीती, यात काय घातलंयस?"

"चहा, दूध, साखर."

"आणखी?"

"आणखी काही नाही रे, राजा," मी म्हणाले. माझ्यावर कुणी संशय घेतल्याचा एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता.