दीड फुटाची अडचण

गेल्या वर्षी मी पंचेचाळीस सेंटीमीटरपायी चार किलोंनी उतरलो.

डॉक्टरांनी कारण विचारलं तेव्हा मी "सामासिक अंतर" असं सांगितलं. त्यांनी माझं ब्लडप्रेशर पुन्हा एकदा तपासलं. (घराची भिंत आणि प्लॉटची हद्द यांच्यामध्ये जी मोकळी जागा सोडावी लागते, तिचं हे कागदोपत्री नाव. आमच्या बाजूला ती दीड मीटर हवी आणि माझ्या मापाप्रमाणे भरत होती एक मीटर पाच सेंटीमीटर.)

घोडबंदर रोडवरच्या चेणे गावातलं आमचं घर खाली हॉल-स्वयंपाकघर आणि वर दोन खोल्या असं आहे. आईचे गुडघे दोन वर्षांपूर्वी संपावर गेले, तेव्हापासून तिचा मुक्काम हॉलमधल्या दिवाणावर. पाहुणे आले की ती उठून बसते, लुगडं बदलायचं असलं की आम्हाला बाहेर काढते आणि अंघोळ स्वयंपाकघरामागच्या मोरीत पडदा लावून करते. एकदा मी तिला विचारलं, "आई, तुला नक्की काय हवंय?" मला वाटलं, गरम पाण्याची पिशवी म्हणेल.

ती म्हणाली, "आतून कडी लावता येईल असं एक दार. गिरगावात चाळीस वर्षं एका खोलीत सात माणसं होतो. इथे तीनच आहोत, पण दार नाहीच."

त्या वाक्यानंतर मला स्वस्थ बसवेना. घराच्या डाव्या अंगाला खोली आणि न्हाणीघर काढायचं ठरलं. आर्किटेक्टने विचारलं, "हद्दीचे दगड कुठेयत?" मी म्हटलं, "कंपाउंडची भिंत हीच हद्द. मी स्वतः मोजलंय." स्वतः मोजण्याचा मला फार अभिमान होता. तीन वेळा मोजलं होतं, एकदा तर आईच्या शिवणाच्या टेपने. आर्किटेक्टने माझ्या आकड्यांवरून नकाशा काढला आणि सांगितलं, "पंचेचाळीस सेंटीमीटर कमी पडतायत. सवलतीचा अर्ज करावा लागेल. खरी अडचण दाखवली तर मिळते."

अर्जात 'अडचणीचे स्वरूप' असा एक रकाना होता, दोन ओळींचा. मी त्यासाठी चार पानं लिहिली. त्यात आईचे गुडघे, गुडघ्यांचा इतिहास, वडिलांचं अकाली जाणं आणि घोडबंदर रोडवरची धूळ असं सगळं आलं. बायकोने, म्हणजे वंदनाने, ते वाचून चष्मा काढला.

"अहो, हे वाचून ते खोली नाही, तुम्हालाच कुठेतरी भरती करतील."

"मग काय लिहू?"

"जिना चढवत नाही, खाली खोली नाही. संपलं."

तिने सांगितलेल्या दोन ओळी लिहायला मला अकरा दिवस लागले.

मग शेजाऱ्यांचं ना-हरकत पत्र. आमच्या त्या बाजूला महेशभाई राहतात. पार्ल्याहून इथे आलेले, स्वभावाने लोणी. पण कुणाकडे काही मागायचं म्हटलं की मी आधी खाऊचा डबा भरतो. पहिल्या दिवशी मी डबाभर गूळपोळ्या घेऊन गेलो, हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि विषय न काढताच परत आलो. दुसऱ्या दिवशी नारळाच्या वड्या नेल्या, तरी तेच. दोन्ही वेळा महेशभाईंनी रिकामा डबा परत देताना त्यात कढीपत्ता भरून दिला. त्यांच्या अंगणात आमच्या भिंतीला लागून कढीपत्त्याचं मोठं झाड आहे. आमच्या घरातली प्रत्येक फोडणी त्या झाडाच्या उपकारावर चालते. तिसऱ्या दिवशी मी साटोऱ्या घेऊन गेलो तेव्हा त्यांनी मला खुर्चीत बसवलं, दार लोटून घेतलं आणि हळूच विचारलं, "भाऊ, घर में सब ठीक है ना? तबियत? कुछ मदद चाहिए?"

मी कागद पुढे केला. "वो... मेरा कमरा... आपकी दीवार के थोडा नजदीक आएगा. आपको अगर..."

त्यांनी सही केली आणि मग वाचलं. "बस इतना? माताजी के लिए है ना? और नजदीक ले लो." मला गहिवरून आलं. इतक्या मोठ्या मनाच्या माणसाची जागा आपण अडवतोय या विचाराने मी रात्री जेवलो नाही.

अर्ज द्यायला मी भाईंदर पश्चिमेला महापालिकेत गेलो. काशीमीऱ्याच्या नाक्यावर दोन कंटेनरच्या मधे रिक्षा अडकली, तेवढ्या वेळात मी फाईल दोनदा तपासली आणि एक कागद उडवला. (रिक्षावाल्याने पळत जाऊन आणला. तो आईचा एक्स-रे होता.) खिडकीतल्या बाईंनी फाईल शांतपणे घेतली, पोच दिली आणि सांगितलं, "इंजिनियर मॅडम जागा बघायला येतील. गुरुवारी अकराला."

आता मला खरा घाम फुटला. मॅडम येऊन अडचण बघणार. अडचण नीट दिसली पाहिजे! बुधवारी संध्याकाळी मी आईला समोर बसवलं.

"आई, मॅडम आल्या की उठायचं नाही. दिवाणावरच बसायचं. काही विचारलं तर गुडघ्यावर हात ठेवायचा."

"म्हणजे सोंग करायचं?"

"सोंग कसलं? गुडघे दुखतात ना खरंच?"

"दुखतात. पण परक्या बाईसमोर दुखवायचे म्हणजे मला कसंतरीच होतं. आणि ती पहिल्यांदा घरी येणार, मी जागची हलणार नाही? काय म्हणेल ती?"

"म्हणू दे. तिने म्हणावं म्हणूनच चाललंय."

आईने शिवण पुढे ओढलं. तिला पटलं, असा माझा समज झाला.

गुरुवारी सकाळी मी कागदपत्रांच्या झेरॉक्स आणायला गेलो आणि परत येऊन पाहतो तो हॉल ओळखू येईना. दिवाणावर नवी चादर. आईचा वॉकर गायब. औषधांचा ट्रे, शेकायची पिशवी, दिवाणाखालचं कमोडचं स्टूल, मोरीचा पडदा, काही म्हणजे काही नाही. खिडकीत फुलदाणी! दोन वर्षांची आमची अडचण वंदनाने दोन तासांत वरच्या मजल्यावर नेऊन ठेवली होती.

"अगं, हे काय केलंस?"

"बाहेरचं माणूस येणार ना घरात. ते सगळं तसंच पसरलेलं ठेवू?"

"तेच तर बघायला येतायत त्या!"

वंदनाने कपाळावर हात मारला, पण तोवर बेल वाजली होती.

मॅडम पस्तिशीच्या, शांत, हातात फाईल आणि खांद्याला टेपची पिशवी. त्यांनी हॉलभर नजर फिरवली. "छान ठेवलंय घर," त्या म्हणाल्या. मी घाईघाईने सुरुवात केली, "दिसायला छान आहे मॅडम, पण अडचण फार आहे. आई इथेच असते, या दिवाणावर." मी दिवाणाकडे हात केला. दिवाण रिकामा होता.

"आत असेल," मी म्हटलं. "तिला एक पायरीसुद्धा चढवत नाही. दोन वर्षांत तिने वरचा मजला पाहिलेला नाही."

तेवढ्यात वरच्या मजल्यावरून आईचा खणखणीत आवाज आला, "मोहन, बशा चार काढू की सहा?"

मॅडमनी जिन्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि फाईलमध्ये काहीतरी लिहिलं. चांगले कप वरच्या कपाटात असतात, आणि पहिल्यांदा घरी आलेल्या माणसाला आई रोजच्या कपात चहा देऊच शकत नाही, हे मला आदल्या दिवशी सुचायला हवं होतं. मी बेल वाजल्यावर दाराशी, वंदना चहाच्या आधणाशी. तेवढ्यात ही बाई कठड्याला धरून एकेक पायरी चढून वर गेली होती. खोटा अर्ज केल्याबद्दल किती शिक्षा होते, याचा मी विचार करू लागलो.

"आजी, खाली या ना," मॅडमनी हाक मारली.

वरून बारीक स्वर आला, "मोहन, चढले खरी. आता उतरू कशी?"

मी धावत गेलो. आई वरून तिसऱ्या पायरीवर बसली होती. मांडीवर कपांचा ट्रे, कपाळ घामाने डबडबलेलं आणि दोन्ही गुडघे थरथरत होते. कप मात्र एकही हलला नव्हता. मला रागही आला आणि रडूही आलं. माझ्या मागून मॅडम वर आल्या, त्यांनी ट्रे घेऊन वंदनाकडे दिला आणि सरळ आईच्या खालच्या पायरीवर बसल्या.

"कशाला चढलात आजी?"

"तू पहिल्यांदा आलीस. जाड कपात चहा देऊ?"

"माझ्या सासूबाई अशाच आहेत," मॅडम मला म्हणाल्या. "अडचण बघितली मी. लिहितेय तसं." चहा आम्ही सगळ्यांनी जिन्यावरच घेतला. मग आईला दोघांनी धरून, बसत बसत खाली आणलं. पुढचे चार दिवस तिचे गुडघे सुजलेले होते.

माझा जीव भांड्यात पडला, पण तेवढ्यापुरताच. मॅडम म्हणाल्या, "चला, माप घेऊ." बाहेर त्यांनी टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं. नव्या खोलीच्या आखलेल्या कडेपासून भिंतीपर्यंत एक मीटर पाच. माझं माप बरोबर होतं. मी छाती फुगवली. त्यांनी मूळ नकाशा उघडला, प्लॉटची रुंदी पाहिली, आमच्या उजव्या हद्दीपासून पुन्हा मोजलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"प्लॉट इथे संपत नाही. खुणेचा दगड पलीकडे असणार."

"पलीकडे महेशभाई राहतात," मी घाबरून म्हटलं.

महेशभाई भिंतीवरून डोकावतच होते. त्यांनी आम्हाला आत बोलावलं. कढीपत्त्याच्या बुंध्याशी एक चौकोनी दगड होता. "ये? इस पे तो हम हर त्योहार को नारियल फोडते हैं," ते म्हणाले. मॅडमनी पानं बाजूला केली, दगडावरची खूण पाहिली आणि तिथून भिंतीपर्यंत टेप लावली. सत्तेचाळीस सेंटीमीटर.

"ही जागा तुमची आहे," त्या मला म्हणाल्या. "भिंतच हद्दीच्या आत बांधलीय. कढीपत्ताही तुमच्याच जागेत आहे. सवलत लागतच नाही तुम्हाला. हा अर्ज मागे घ्या आणि साध्या परवानगीचा द्या."

"मैं आया तब दीवार थी," महेशभाई कानकोंडे होऊन म्हणाले. "किसने बनाई?"

आणि मला ते आठवलं. बारा वर्षांपूर्वीची सकाळ. शेजारचा प्लॉट मोकळा, नावालाही माणूस नाही. गवंडी दोरी धरून विचारतोय, "साहेब, दगडावरून घेऊ?" आणि मी म्हणतोय, "दीड फूट आत घे. उद्या कुणी राहायला आलं तर उगाच वाद नको." जो माणूस अजून आलाच नव्हता, त्याला घाबरून मी जागा सोडली होती. (गवंडी माझ्याहून दोन सेंटीमीटर जास्त घाबरला असावा.) त्याच जागेतल्या कढीपत्त्याबद्दल मी इतकी वर्षं आभार मानले होते, आणि त्याच जागेच्या शेजारी खोली बांधू द्या म्हणून गूळपोळ्या, वड्या आणि साटोऱ्या वाहिल्या होत्या.

घरात येऊन हे सांगितलं तेव्हा वंदना खुर्चीत बसून हसत सुटली. आई हसली नाही. "मी तेव्हाच म्हटलं होतं," ती म्हणाली, "अरे, दगडावरून घे. पण तू कुणाला तरी आधीच सॉरी म्हणून बसला होतास."

साधी परवानगी रीतसर मिळाली. भिंत मी हलवली नाही. (महेशभाईंना वाईट वाटलं असतं. कढीपत्त्यावर आता दोन्ही घरांचा हक्क आहे, असं आम्ही ठरवलंय, म्हणजे पहिल्यासारखं तेच तोडून देतात.) पावसाळ्याआधी खोली उभी राहिली. चांगले कप आता आईच्या खोलीतल्या कपाटात असतात. दाराला पितळी कडी आहे, ती आईने स्वतः निवडली.

पहिल्या दिवशी आई आत गेली, दार लोटलं आणि कडी सरकल्याचा आवाज आला. मी दाराला कान लावून उभा राहिलो. एक मिनिट गेलं, दोन गेली.

"आई," मी म्हटलं, "कडी नको लावूस ना. पडलीबिडलीस तर? मी इथे बाहेरच उभा आहे."

"कळलं मला," आतून आवाज आला. "तिथून जरा दीड फूट मागे सरक. तुला सवय आहे."

मी सरकलो. दोन फूट, उगाच वाद नको म्हणून.