विनातिकीट कोंबडा

पुण्यात शिस्त कुठे शिल्लक असेल तर ती आमच्या शेजारच्या काकांच्या खुराड्यात, असं मी पाहुण्यांना अभिमानानं सांगत असे. आता सांगत नाही, कारण ती मोडणारा मीच. काका सिटीबसचे निवृत्त कंडक्टर. स्वारगेट ते हडपसर उभ्यानं आयुष्य काढलं आणि मग मांजरीत, ऊस संपून इमारती सुरू होतात तिथे, आमच्या भिंतीला भिंत लावून राहायला आले. अजूनही चहा पितात तो उभ्यानंच, पाय जरा फाकवून, गाडी आता वळणार आहे अशा बेतानं. कोंबड्यांची नावं त्यांनी थांब्यांवरून ठेवलेली: स्वारगेट, पुलगेट, फातिमानगर, वैदूवाडी. एक भयंकर आळशी होती, तिचं नाव डेपो. संध्याकाळी खुराड्याच्या दारात उभं राहून ते थांब्यांच्या क्रमानं हाका मारत, "पुढे सरका, आत जागा आहे" म्हणत, आणि शेवटची आत गेली की कडी दोनदा वाजवत. आमची आई एकदा कौतुकानं बघत उभी होती, तर तिलाही म्हणाले, "दारात थांबू नका आजी."

रोगराईच्या बाबतीत तर ते कुणाचीच गय करत नसत. खुराड्यापाशी चुन्याचं घमेलं. येणाऱ्यानं चपलांसकट त्यात उभं राहायचं. निवडणुकीत एक उमेदवार मत मागायला आला, त्याला म्हणाले, "मताचं नंतर बघू, आधी बूट." नवी कोंबडी आणली की ती तीन आठवडे लांबच्या पिंजऱ्यात एकटी. "अहो, दिसायला सगळेच प्रवासी सभ्य असतात," ते मला सांगत. "रोग काय गळ्यात पाटी अडकवून चढतो का?" मी मान डोलवायचो. मान डोलवण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

आषाढ संपत आला होता. श्रावण लागायच्या आत एकदा गावरान रस्सा व्हायला हवा, म्हणून ऑफिसातल्या एकानं शनिवारी मला जिवंत कोंबडा दिला. आई माळकरी. आमच्याकडे कोंबडी शिजते ती मागच्या अंगणात, वेगळ्या भांड्यांत, आणि तीही आई देवळात गेल्यावर. जिवंत कोंबडा रात्रभर तिच्या तुळशीपाशी बांधणं अशक्य होतं. नेमके काका त्या दिवशी बहिणीकडे गावाला गेलेले, आणि खुराड्याची किल्ली विश्वासानं माझ्याकडे देऊन. लांबचा पिंजरा होता, पण त्याचं दार गंजलेलं, ते काही उघडेना. कोंबडा जरा पेंगत होता, शिंकलाही. प्रवासानं दमला असेल, एका रात्रीत काय होतंय, असं म्हणून मी त्याला त्यांच्या कोंबड्यांत सोडला. कडीसुद्धा दोनदा वाजवली. रविवारी सकाळी तो काढला आणि दुपारी आम्ही पुरावा भाकरीबरोबर खाल्ला. काका संध्याकाळी परतले. स्वतःची कोंबडी ते कधी कापत नसत, दुसऱ्याची मात्र आवडीनं खात. म्हणून भिंतीवरून वाटीभर रस्सा त्यांनाही दिला. "झकास!" ते म्हणाले. "कुठला कोंबडा?" मी म्हटलं, "बाजारातला."

त्याच आठवड्यात फातिमानगर शिंकायला लागली. मग डेपोची मान वाकडी झाली. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर येऊन बघून गेले. "मानमोडी आहे. लस?"

"गावाहून आलो की देणार होतो," काका म्हणाले.

"बाहेरचा पक्षी आत आला होता?"

मी तिथेच, चुन्यात उभा होतो. तोंड उघडायला एवढी चांगली जागा पुन्हा मिळणार नव्हती.

"बाहेरून मीच आलो," काका म्हणाले. "अक्काकडून. तिच्याकडेही कोंबड्या आहेत. माझ्याच चपलांनी आणलं असणार." मी मान डोलवली.

आजारी कोंबड्या त्यांनी वेगळ्या केल्या, खुराडं तीनतीनदा धुतलं, अंडी वाटणं बंद केलं. मेलेल्या कोंबड्या खोल खड्ड्यात चुना टाकून पुरल्या. खड्डा खणायला मीच होतो, आणि ते मला "उपकार झाले" म्हणत होते. राखीपौर्णिमेला अक्का आली. सत्तरीची बाई, हातात बाजरीची पिशवी. काकांनी फाटक उघडलंच नाही.

"अक्का, तुझ्या घरनं आलाय रोग. आत नको."

"आरं, माझ्या कोंबड्या धडधाकट हायती!"

"दिसायला सगळेच धडधाकट असतात."

त्यांनी हात गजांतून बाहेर काढला. तिनं बाहेर उभी राहून राखी बांधली, पिशवी फाटकाशी ठेवली आणि डोळे पुसत परत निघाली. हे मी आमच्या गॅलरीतून पाहिलं आणि मग मात्र राहवेना.

काका पाण्याची भांडी घासत होते. मी म्हटलं, "काका, अक्काकडून काही आलं नाही. तुम्ही गावाला गेलात त्या रात्री मी एक कोंबडा आत सोडला होता."

ते घासत राहिले. "रस्सा पाठवलात, तोच?"

"हो."

"मीठ बरोबर होतं." त्यांनी भांडं विसळून पालथं घातलं. मग म्हणाले, "विनातिकीट चढवलात तुम्ही. आणि दंड अक्काला झाला."

हात पुसून त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला. "अक्का, लांब गेली नसशील तर माघारी ये. तुझ्याकडनं नव्हतं आलं... कळलं कुठनं ते. नाव काय करायचंय तुला? जेवायलाच ये." माझ्याकडे न बघताच त्यांनी फाटक सताड उघडलं.

किल्ली आता ते दूधवाल्याकडे देतात. माझ्याशी बोलतात, अंडीही देतात, मात्र मी फाटकाशी गेलो तर पूर्वीसारखं "पुढे सरका, आत जागा आहे" म्हणत नाहीत. वाचल्या त्या दोघीच, स्वारगेट आणि वैदूवाडी. तरी संध्याकाळी मी गॅलरीत ऐकत असतो: काका सगळे थांबे क्रमानं घेतात. पुलगेट म्हणतात आणि जरा थांबतात. फातिमानगर म्हणतात आणि थांबतात. कुणी चढणार नाही हे माहीत असूनही गाडी थांब्यावर थोडी हळू करावी, तसं. मग कडी दोनदा वाजते, आणि मी घरात जातो.