कळशीतला निवटा

मी गोष्टी वाढवून सांगतो, ही माझी ख्याती ठाण्याच्या कचेरीतून निघून पुण्याला सासरवाडीपर्यंत पोचली होती. त्यामुळे लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेलेल्या बायकोनं, "ठाण्याच्या खाडीत मासे चिखलावर चालतात," असं सांगितलं, तेव्हा सासरे मिशीत हसले.

"पोरी, नवऱ्याचं वारं लागलं तुला. लहानपणी खोटं बोलत नव्हतीस."

थट्टाच ती, पण हिला लागली.

गोष्ट तर खरी होती. निवटा म्हणतात त्याला. बोटाएवढा, चिखलाच्याच रंगाचा. पुढचे पर कोपरांसारखे टेकून सरकतो, तिवरांच्या मुळांवर चढतो. डोळे थेट कपाळावर. सुकले की खाचेत ओढून ओले करून घेतो. असलं सोंग मलाही रचता आलं नसतं.

पुढच्या खेपेला हिनं पुरावाच न्यायचं ठरवलं. कोळणीकडून एक निवटा घेतला आणि आमच्या स्वयंपाकघरातून एक कळशी कायमची बाद झाली.

आगगाडीत निवटा सारखा वर येई, काठावर कोपरं टेकून डब्यातल्या मंडळींना न्याहाळी.

"पाणी कमी पडतंय बिचाऱ्याला," ही म्हणाली.

मलाही पटलं. मासा म्हटला की पाणी, एवढंच आम्हा उभयतांचं ज्ञान. कल्याणला इंजिनात पाणी भरत होते तेव्हा हिनं सोबत घेतलेलं खाडीचं पाणी कळशीत काठोकाठ ओतलं, त्याला आत लोटलं आणि झाकणावर फडकं आवळलं.

पुण्यात झाकण काढलं, तर तो उलटा तरंगत होता.

सासऱ्यांनी त्याला केळीच्या पानावर ठेवला आणि मांडी घालून समोर बसले. "दमला असेल प्रवासानं. उद्या चालेल."

"पुढच्या वेळी जिवंत आणीन, बाबा."

"तोवर तू जावईबापूंचीच शिष्या."

परतल्यावर खाडीवर मी पाहिलं. भरती चढू लागली की निवटे पाण्यापुढे पळत सुटतात आणि मुळांवर जाऊन बसतात. ओल्या कातडीनं हवा घेणारा जीव तो. आम्ही त्याला मायेनं बुडवला होता. पुढच्या वेळी कळशी अर्धीच भरायची, असं ठरलं. पण त्याआधी पुण्याहून तार आली. सासरे गेले होते.

ओटीवर मंडळी जमली की अजून मी निवट्याची नक्कल करतो, कोपरं टेकून, डोळे वटारून. माझ्या साऱ्या थापा खऱ्या मानणारे लोक नेमके इथेच म्हणतात, "आता मात्र अति झालं हं." त्या संध्याकाळी आतून हिच्याकडून नेहमीचं पानाचं तबक येत नाही, आणि मीही मागत नाही.